ओळीच्या मधोमधचा विसावा

दिस्त्रोस ४, बुधवार

पाळकांनी आज मला जुन्या पत्रांचा गठ्ठा दिला. एका बाजूला कुणाच्या तरी द्राक्षमळ्याच्या बांधावरून झालेले भांडण आहे, दुसरी बाजू कोरी. तिच्यावर मी आठवेल ते लिहून काढायचे, असे त्यांचे म्हणणे. लिहीन. पण त्यांना द्यायचे ते वेगळे आणि हे वेगळे. हे माझ्याजवळच राहील, कारण मी घाबरलो आहे हेही ह्यात येणार.

झाले असे. रविवारी उपासना संपल्यावर पाळक दोम्नोस माझ्याजवळ आले. किनाऱ्यावरच्या शहरातून येऊन त्यांना पाच महिने झाले. वय असेल पस्तीस, पण बोलतात म्हाताऱ्यासारखे हळू.

"मानेसबाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"स्तोत्राची ओळ अर्ध्यावर आली की तुम्ही हात वर धरून थांबता. सगळी मंडळी थांबते. मग हात खाली येतो आणि उरलेली ओळ होते. असं का?"

"तिथं थांबायचं असतं."

"पुस्तकात तसं काही नाही."

"पुस्तकात सूर तरी कुठं आहे?" मी म्हणालो.

ते हसले. म्हणाले, "मी तीन शहरांत राहिलो. असं कुठंच ऐकलं नाही. म्हणून विचारतो." आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. पुनरुत्थानाच्या सणानंतर दुसऱ्या रविवारी बिशप इथे येणार आहेत. त्यांचा नियम कडक. नेमलेल्या गायकानेच गायचे, चौथऱ्यावर उभे राहून, पुस्तकाप्रमाणे. थांबण्याला चांगले कारण असेल तर ते आधी लिहून कळवायचे. कारण नसेल तर न थांबता गायचे. न थांबता गाता येत नसेल तर दुसरा गायक. दुसरा म्हणजे ग्लाइकोन, शाळामास्तर. त्याला सगळे वाचता येते, आणि ते तो लोकांना विसरू देत नाही.

मी एक्केचाळीस वर्षे चौथऱ्यावर गातो आहे. पोटाचा धंदा थडग्यांचे दगड कोरण्याचा. अक्षरे मला छिन्नीनेच शिकवली. एक अक्षर कोरायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वाचायला लागतो. पुस्तक समोर उघडे असते, गातो मी पाठ असलेले. दोन रविवार तेच पान उघडे होते, हे पाळकांनी पाहिले असावे. बोलले नाहीत. न बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

दिस्त्रोस ६, शुक्रवार

दोन दिवस लोकांना विचारत फिरलो. एक्केचाळीस वर्षांत मला हा प्रश्न कसा पडला नाही, ह्याचेच नवल वाटते.

पाठीत वाकलेला पापास, आमच्या प्रार्थनाघराचा सेवक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "अरे, हे काय विचारणं झालं? सम्राटाच्या शिपायांनी आपली पुस्तकं जाळली त्या वर्षी ज्यांना मारलं, त्यांच्यासाठी आपण श्वास धरतो."

"किती जणांना मारलं?"

"सात."

"आपल्या गावात?"

"आपल्या नाहीतर शेजारच्या. मारलं ना? मग झालं तर."

भटारीण म्हणाली की प्रभू कबरीत होता तेवढा वेळ आपण गप्प राहतो. तेवढा म्हणजे तीन दिवस, बाई, मी म्हणालो. तर म्हणाली, "दिवस मोजून गप्प बसलो तर भाकरी कोण भाजणार? खूण असते ती." उत्तर वाईट नव्हते.

घरी येऊन अम्मियाला विचारले. ती मसूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला दम लागतो म्हणून."

चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने असे बोलावे. मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

दिस्त्रोस १०, मंगळवार

उपवास सुरू झाला. भाकरी, मीठ, उकडलेल्या शेंगा. पोट हलके असले की जुने आठवते म्हणतात.

मला सगळी स्तोत्रे गावातल्या मेल्तीने नावाच्या बाईने शिकवली. पुस्तके जाळली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. प्रार्थनाघराला कुलूप होते. ती मला तिच्या आवारात बसवायची. पाठ करून घे, म्हणायची, डोकं कुणाला जाळता येत नाही.

काय काय आठवते ते लिहितो. गरम पाण्याची वाफ. ओल्या मेंढीचा वास, जो मला अजून प्रार्थनेचा वास वाटतो. हे कुणाला सांगितलेले नाही. पाच-सहा बाया एका रांगेत, एकमेकींच्या दंडात दंड अडकवून उभ्या. भीतीने धरत असतील एकमेकींना. त्या जागच्या जागी पाय हलवत आणि गात. थंडी असेल. मग अर्ध्या ओळीवर मेल्तीने हात वर करायची, सगळ्या थांबायच्या, कोणी तरी खाली वाकायचे, आणि हात खाली आला की पुन्हा गाणे. वाकायची ती गुडघे टेकत असणार. किंवा जमिनीला कान लावून शिपायांची चाहूल घेत असणार. हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचले आणि अंगावर काटा आला. पाळकांना हेच सांगावे.

पण मला नक्की आठवते का? ती वाकलेली बाई हसत होती असेही आठवते. चाहूल घेताना कोण हसते?

दिस्त्रोस १५, रविवार

आज उपासनेनंतर पाळकांनी मला रिकाम्या प्रार्थनाघरात गायला लावले. न थांबता. पहिल्या ओळीला हात आपोआप वर गेला. दुसऱ्या ओळीला मी तो दुसऱ्या हाताने खाली धरून ठेवला. तिसऱ्या ओळीला खोकला आला. दगडाची भुकटी छातीत बसली आहे, दुसरे काही नाही.

पाळकांनी पाणी आणून दिले. म्हणाले, "बाबा, एक गंमत सांगू? मला मोजायची सवय आहे. मी आलो त्या पहिल्या रविवारी तुम्ही थांबलात तेव्हा मी मनात मोजलं. पाच आकडे झाले. आज सात झाले."

"तुम्ही भरभर मोजलं असेल."

"असेल," म्हणाले. वाद घालत नाहीत. मला वाद घालणारा माणूस बरा वाटतो, त्याला निदान हरवता तरी येते.

मी थांबणे कधी वाढवलेले नाही. मेल्तीनेने दिले तसेच ठेवले आहे.

दिस्त्रोस २४, मंगळवार

हे नीट लिहायला हवे.

गुडघे दुखतात म्हणून दगडाशी बसताना खाली घ्यायला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा हवा होता. आफियाच्या आवारात गेलो. ती नमदे करते, तिची सासूही करायची. मी तिकडे कधी जात नाही. अम्मियाच जाते.

आवारात वाफ. तोच वास. चटईत लोकर गुंडाळून, वरून साबणाचे कढत पाणी ओतून, चार बाया दंडात दंड अडकवून ती गुंडाळी पायांनी तुडवत होत्या. तोंडाने गुणगुणत होत्या. मग आफियाने हात वर केला. सगळ्या थांबल्या. एक वाकली, गुंडाळी उलगडून तिने लोकर आडवी फिरवली, पुन्हा गुंडाळली. हात खाली. पाय पुन्हा सुरू.

मी दारातच बसलो. आफिया धावत आली. "मानेसकाका, चक्कर आली का? उपवास झेपत नसेल तर सोडा की. म्हाताऱ्यांना माफ असतो."

"तुम्ही मध्येच का थांबलात?"

"कुठं?"

"आत्ता. हात वर करून."

"फिरवायला," ती म्हणाली. "एकाच अंगानं तुडवली तर एकीकडून दगड होते लोकर, दुसरीकडून पोकळ राहते. मध्ये फिरवावी लागते. तुम्हाला नमदा हवाय की करायला शिकायचंय?"

बाया हसल्या. एक म्हणाली, "काकांना घ्या मधोमध, चांगले जड आहेत."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"सासूनं. तिला मेल्तीने म्हातारीनं. सगळ्या नमदेवाल्या तिच्याच हाताखालच्या." मग माझ्याकडे निरखून म्हणाली, "तुम्ही रडताय का काका?"

वाफ होती.

दिस्त्रोस २५, बुधवार

अम्मियाला सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे मला. माझी आई जायची मेल्तीनेकडे तुडवायला. रस्त्यानं शिपाई गेला तर त्याला वाटायचं, बाया कामाची गाणी गातायत. हसायच्या त्या मग."

"मग चाळीस वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"परवाच विचारलं."

"परवा तुम्ही आत्ताचं विचारलंत," ती म्हणाली आणि शेंगा उपसायला गेली. ह्या बाईच्या बोलण्याचा अर्थ लावायला आणखी चाळीस वर्षे लागतील.

मला समजत नाही ते असे. ज्या थांबण्यासाठी अख्खे गाव श्वास धरते, ते लोकर फिरवण्यासाठी होते. तर मग ते पवित्र आहे की नाही? लोकर फिरवताना मनात देव असेल तर? आणि आता लोकर नाही, नुसते फिरवणे राहिले आहे, तर आपण काय फिरवतो? कोणाला विचारावे कळत नाही. पाळकांना विचारले असते, पण त्यांनाच तर सांगायचे नाही.

क्सान्दिकोस ३, शुक्रवार

वाईट केले.

पाळक बिशपांना पत्र लिहायला बसले होते. पापासही तिथे होता. त्याची सात हुतात्म्यांची गोष्ट आता चांगली मोठी झाली आहे. तिच्यात मेल्तीने त्यांना आवारात लपवते आणि शेवटी पकडली जाते.

पाळक म्हणाले, "हुतात्म्यांची आठवण असेल तर बिशप त्याला हात लावणार नाहीत. थांबणंही राहील, मानेसबाबाही राहतील. पण मेल्तीनेकडून शिकलेले तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. असंच आहे ना हे?"

पापासने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पापासला जास्त आठवतं."

"म्हणजे हो?"

"हो."

मेल्तीने अंथरुणावर मेली, सत्तरीच्या पुढे, अंजीर खाऊन पोट बिघडले म्हणून. तिला मूठमाती द्यायला मी होतो.

क्सान्दिकोस ८, बुधवार

झोप नाही. दुपारी पुन्हा आफियाकडे गेलो. नमदा मोठा कापून हवा असे निमित्त केले. तिने बायांना डोळा मारलेला मी पाहिला. तुडवणे सुरू झाले तेव्हा मी मनातल्या मनात आमचे संध्याकाळचे स्तोत्र त्यांच्या पायांवर म्हणून पाहिले. तंतोतंत बसले. एक पाऊल इकडचे तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की आपण खोटे बोललो आहोत हे घडीभर विसरलो.

मग पाळकांसारखे मोजले. हात वर गेल्यापासून खाली येईपर्यंत दोन आकडे. पुन्हा मोजले. दोनच. त्या बायांचा हात सराईत आहे.

मग आमचे सात कसे? पाच आकडे जास्तीचे कुठून आले? मंडळीच रेंगाळत असेल. लोकांना गप्प उभे राहायला आवडते, तेवढाच आराम.

क्सान्दिकोस १९, रविवार

प्रभू उठला आहे. अम्मियाने अंडी उकडली. आवाज ठीक लागला. पाळक मोजत होते की नाही, दिसले नाही.

क्सान्दिकोस २२, बुधवार

सकाळी पापास एक पाटी घेऊन आला. संगमरवराची, चांगली. मंडळीने ती प्रार्थनाघराच्या भिंतीत बसवायची ठरवली आहे, बिशप यायच्या आत. मजकूर त्याने ग्लाइकोनकडून लिहून आणला होता. सात हुतात्मे, मेल्तीने, आणि त्यांच्यासाठी आपण धरतो तो श्वास. कोरायचे मी.

"घाई कर हं," पापास म्हणाला. "आणि तिचं नाव मोठं काढ."

मी दगडावर पुष्कळ खोटे कोरले आहे. बायकोला रोज मारणाऱ्याला प्रेमळ पती लिहिले आहे, चिक्कूला उदार. पण ते लिहवून घेणारे दुसरे होते, आणि मी त्यांना ओळखत नव्हतो असे म्हणू शकत होतो. मेल्तीनेच्या नावाचे पहिले अक्षर आखले. छिन्नी लावली. मग ती बाई डोळ्यांसमोर आली, ओल्या लोकरीत पाय, दंडात दंड, शिपाई वळून गेल्यावर हसणारी. तिने मरणाऱ्यांसाठी काही केले नव्हते. ती जिवंत माणसांना गाणे शिकवत होती आणि नमदे करत होती, दोन्ही एकाच वेळी, कारण वेळ नव्हता.

पाटी पालथी घातली आणि पाळकांकडे गेलो. सगळे सांगितले. वास, वाफ, अंजीर, सगळे. पुस्तक मला भरभर वाचता येत नाही, तेही सांगून टाकले.

"ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. मग उठून उभे राहिले. मला वाटले, आता हाकलतात. तर म्हणाले, "मला ते आवार दाखवाल?"

गेलो. पाळकांनी वहाणा काढल्या, झगा वर खोचला आणि बायांच्या रांगेत उभे राहिले. आफिया म्हणाली, "पाळकबाबा, कढत आहे हं. देवाचं नाव घ्या." दुसऱ्याच पावलाला घसरले. दोघींनी दंडाला धरून उभे केले. मी गायलो, त्यांनी तुडवले. हात वर गेला तेव्हा लोकर कशी फिरते हे पाहायला पाळक एवढे वाकले की केसांना साबण लागला.

वाटेत म्हणाले, "पहिलं पत्र गेलं आहे. दुसरं लिहावं लागेल, आणि हे सगळं त्यात येईल. बिशप काय म्हणतील, ते माझ्या हातात नाही."

"मला माहीत आहे."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर चौथरा तुमचाच होता, बाबा."

तेही मला माहीत होते.

क्सान्दिकोस ३०, गुरुवार

उत्तर आले. पाळकांनी स्वतः घरी येऊन वाचून दाखवले. लोकर तुडवण्याची लकब चौथऱ्यावर नको. गायकाने पुस्तकाप्रमाणे सरळ गावे. ग्लाइकोनला नेमावे. म्हाताऱ्या गायकाला पुढच्या रांगेत जागा द्यावी, त्याने खरे सांगितले म्हणून.

"आणि मंडळीनं आपलं चरण कसं म्हणायचं?" अम्मियाने विचारले. गायकाची ओळ झाली की मंडळी एकच ठरलेले चरण पुन्हा पुन्हा म्हणते, त्याबद्दल.

"त्याबद्दल पत्रात काही नाही," पाळक म्हणाले. पत्र त्यांनी उलटूनही पाहिले. "एक शब्द नाही."

पापास माझ्याशी बोलत नाही. पाटी परत घेऊन गेला.

आर्तेमिसिओस ३, रविवार

बिशप आले. ठेंगणे आहेत, डोळे दुखरे. मी पुढच्या रांगेत. अम्मिया पलीकडे बायांमध्ये. एक्केचाळीस वर्षांत मी कधी खालून ऐकले नव्हते. हात कुठे ठेवायचे कळेना.

ग्लाइकोन गायला. एकही चूक नाही. स्वच्छ आवाज, सरळ ओळ, पुस्तकावर बोट. मला त्याचा राग येईल असे वाटले होते, पण मी ऐकतच राहिलो. काही शब्द मला आजच नीट कळले.

मग मंडळीचे चरण आले. अर्ध्यावर सगळे थांबले. हात कोणी वर धरलेला नव्हता. ग्लाइकोन एकटाच पुढे गेला, एका शब्दापुरता, आणि लाजून गप्प झाला. मग सगळे एकदम पुन्हा सुरू झाले. चारशे माणसे, खूण नाही, काही नाही. बिशपांनी मान वर करून लोकांकडे पाहिले. दुसऱ्या वेळी डोळे मिटले. तिसऱ्या वेळी ग्लाइकोनही थांबला. बिशप काही बोलले नाहीत, आणि पाळक म्हणतात की ते न बोलणे चांगले होते.

मला मात्र एक गोष्ट खटकली, ती लिहून ठेवतो. लोक फार थोडे थांबले. मी मोजले. दोन आकडे, फक्त दोन. दर वेळी. मी चौथऱ्यावर होतो तेव्हा हीच माणसे सात आकडे शांत उभी राहत, कोणी चुळबुळ करत नसे. आज बिशपांसमोर सगळ्यांना घाई झाली असावी. मला तर गाताना श्वास पुरला, खालून ओरडावे लागत नाही म्हणून, पण थांबणे ते थांबणे. ते असे आखडून कसे चालेल?

घरी आल्यावर अम्मियाला म्हणालो, "पुढच्या रविवारी मी सगळ्यांना सांगणार आहे, घाई करू नका म्हणून."

ती चुलीपाशी बसली होती. तिने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "नका सांगू."

"का?"

"आज तुम्ही खाली होतात ना," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात दुसऱ्यांदा मसूर वाढली, मी मागितली नसताना.